भट्टीचा अंगठा

दुपारी दीडचा अंगठा देऊन मिस्त्रीची बायको घरातून निघून गेली.

कपड्यांची पिशवी काखोटीला मारली, चपला पायात सरकवल्या, गॅस बंद आहे ना ते सवयीनं पाहिलं, आणि टेबलावरचा फोन मिस्त्रीच्या पुढ्यात ढकलून म्हणाली, "हा तुमचा फोन, ही तुमची भट्टी. मी ताईकडे चाललेय."

"कधी येशील?"

"मला यातलं काही कळत नाही," असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. आपटलेलं दार संध्याकाळपर्यंत उघडतं, असा मिस्त्रीचा एकतीस वर्षांच्या संसाराचा अनुभव होता. हे दार अगदी हळू, कडीचा आवाज न करता लागलं.

आता बायको रुसून बहिणीकडे जाणं ही काही जगबुडी नव्हे. बायका जातात, येतात, येताना बहिणीकडचं काहीबाही डब्यातून घेऊन येतात. पण या बायकोबरोबर तिच्या उजव्या हाताचा अंगठाही गेला होता, आणि त्या अंगठ्यावर एक अख्खा कारखाना चालत होता.

ते असं. मिस्त्री म्हणजे भट्टीचा मिस्त्री. शहराबाहेर चिनीमातीचा कारखाना होता. तिथं हात धुवायची बेसिनं आणि कमोड भाजून निघत. भट्टी म्हणजे एक लांबलचक बोगदा. एका तोंडातून कच्चा माल गाडीवर बसून आत शिरायचा आणि दीड दिवसानं दुसऱ्या तोंडातून पांढराशुभ्र होऊन बाहेर यायचा. सत्तावीस वर्षांपूर्वी मिस्त्रीनं ती आपल्या हातानं पेटवली, तेव्हापासून ती विझलेली नव्हती. अर्ध्या शहराची बुडं मिस्त्रीच्या कामावर टेकलेली होती, पण आजवर कुणी उठून त्याचे आभार मानले नव्हते. मिस्त्रीची तक्रार नव्हती. त्याला एवढंच ठाऊक होतं की अशी भट्टी गार करायची तर आठवडाभर गोंजारत गार करावी लागते. एकदम गार पडली तर छताच्या विटा तडकतात, छत खाली बसतं, आणि मग भट्टी राहत नाही, नुसता विटांचा ढीग राहतो.

आठ महिन्यांपूर्वी कंपनीनं भट्टी फोनवर आणली. बारा बर्नर, पंखे, झडपा, गाड्या, एवढंच काय, कारखान्याचं फाटकसुद्धा फोनमध्ये गेलं. माणसं बाहेर आली. भट्टीवर चौदा जण होते. तेरा जणांना हार घातले आणि चौदाव्याच्या हातात फोन दिला. "मिस्त्री, आता घरी बसून भट्टी बघायची," असं मॅनेजर म्हणाले. सकाळी सात ते संध्याकाळी सात मिस्त्रीनं बघायची. पुढचे बारा तास दुसरं कुणीतरी बघायचं. ते कोण, कुठल्या गावात बसतं, त्याला खोकला आहे का, हे मिस्त्रीला कधी कळलं नाही.

फोनला मात्र मिस्त्रीचा भरवसा नव्हता. दर अर्ध्या तासानं तो विचारायचा, 'आपण आहात का?' आणि माणसानं अंगठा ठेवून आपण असल्याचं सिद्ध करायचं. पाच-पाच मिनिटांनी तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर फोन समजायचा की मिस्त्री मेला, आणि खबरदारी म्हणून दर दहा मिनिटांनी एकेक बर्नर बंद करायचा. फोन बनवणाऱ्यांना खबरदारी माहीत होती, विटा माहीत नव्हत्या.

घोळ झाला तो पहिल्याच दिवशी. फोन जोडून द्यायला आलेल्या इंजिनिअरनं मिस्त्रीचा अंगठा घेतला. फोन म्हणाला, ओळख पटली नाही. मग तर्जनी घेतली, मग करंगळी, मग डावा हात. दहा बोटं झाली. सत्तावीस वर्षं तापलेल्या विटा हाताळून मिस्त्रीच्या बोटांवरच्या रेघा पार पुसल्या गेल्या होत्या. बोटं आतून कपबशीसारखी गुळगुळीत.

"तुम्हाला ठसेच नाहीत, मिस्त्री," इंजिनिअर म्हणाला.

"मग?"

"मग तुम्ही नाही आहात. म्हणजे, फोनच्या मते." त्यानं घड्याळ पाहिलं. त्याची गाडी चुकत होती. "वहिनींचा अंगठा लावू या. तुम्ही दोघं घरातच तर असणार. नोंदीत नुसतं 'मिस्त्री' एवढंच जातं, नाव कोण बघतंय? मॅनेजरना मात्र बोलू नका. नियमात बसत नाही."

बायकोनं भाजी चिरता चिरता हात पुसून अंगठा दिला. इंजिनिअर गाडीला गेला. तेव्हापासून मिस्त्री फोन धरायचा आणि बायको अंगठा टेकवायची. सकाळी सातपासून दिवसाला चोवीस वेळा. पीठ मळताना, केस विंचरताना, शेजारणीशी जिन्यात बोलताना. एकतीस वर्षांत नवराबायको इतके वेळा जवळ आले नव्हते, आणि इतके कमी बोललेही नव्हते.

त्या दिवशी अकरा वाजता मॅनेजर फोटोग्राफरला घेऊन घरी आले. कंपनीच्या भिंतीवर लावायला 'घरून भट्टी सांभाळणारे मिस्त्री' असा फोटो हवा होता. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून फोन हातात धरून बसला. साडेअकरा झाले. फोन थरथरला.

"साखर आहे का बघून येतो," मिस्त्री म्हणाला आणि फोनसकट स्वयंपाकघरात पळाला. बायकोनं अंगठा दिला. मिस्त्री परत येऊन बसला.

"वहिनींची मदत होते की नाही?" मॅनेजरनी सहज विचारलं.

बायको त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मिस्त्रीला वाटलं, मदत म्हटलं तर संशय यायचा. वाटलं तर वाटलं, पण त्यानं गरजेपेक्षा मोठ्यानं सांगितलं, "छे हो. हिला यातलं काही कळत नाही. पण घरी असते, तेवढीच सोबत होते."

फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. मिस्त्री त्यात फार समाधानी दिसत होता.

बायकोनं बाराचा अंगठा दिला, साडेबाराचा दिला, जेवायला वाढलं, एकचा दिला, भांडी घासली, आणि दीडचा देऊन ती गेली.

*

दोन वाजता फोननं विचारलं, 'आपण आहात का?'

"आहे की," मिस्त्री म्हणाला. घरात दुसरं कुणी नसल्यानं तो आवाज त्यालाच परका वाटला. त्यानं अंगठा ठेवला. ओळख पटली नाही. अंगठ्याला थुंकी लावली. तेल लावलं. पीठ लावलं. मग जमिनीवर फतकल मारून, मोजा काढून, पायाचा अंगठाही ठेवून पाहिला. फोननं सगळ्यांना एकच वागणूक दिली.

त्यानं बायकोला फोन लावला. तो फडताळात वाजला. ती तो नेहमी विसरायची, आणि आज मुद्दाम विसरली होती.

मग त्यानं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. एका गोड आवाजाच्या बाईनं आधीच भरून ठेवलेलं वाक्य ऐकवलं, "आपली अडचण आम्हाला समजते. पुढे जाण्यासाठी अंगठा ठेवा."

दोन वाजून दहा मिनिटांनी तिसरी विचारणा संपली. पडद्यावर बारा लाल ठिपके एका ओळीत उभे राहिले आणि खाली अक्षरं आली: 'मिस्त्री उपलब्ध नाहीत. भट्टी सुरक्षितपणे बंद करत आहोत.' पुढच्या दहा मिनिटांत पहिला ठिपका काळा झाला.

बारा ठिपके, दोन तास. मिस्त्रीनं सदरा चढवला आणि बस पकडली. बसचा रस्ता कारखान्यावरून पुढे मेहुणीच्या घराकडे जात होता. सरळ बसून राहिला असता तर काम झालं असतं. पण बायकोची मनधरणी करण्यापेक्षा लोखंडाची करावी, असं त्याच्या मनानं घेतलं. झडपा आतून हातानं उघडता येतील. कुणाला काही सांगायला नको. तो कारखान्याशी उतरला.

फाटकापाशी जमादार स्टुलावर बसला होता. जमादार म्हणजे कारखान्याचा पहारेकरी. एकेकाळी सैन्यात होता की सैन्याच्या स्वयंपाकघरात, यावर मतभेद होते. त्याच्या मागे फाटक बंद, फाटकामागे आठ महिन्यांची धूळ बसलेलं अंगण. शेड भुतासारखी उभी. एक मांजर तेवढं आतून बाहेर बघत होतं.

"या मिस्त्री," जमादार म्हणाला. "मेलात म्हणून ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"धुरानं. धूर पातळ झाला. मी म्हटलं, मिस्त्री गेले. चांगला माणूस होता."

"फाटक उघड."

"मी कुठून उघडू? फाटक तुमच्या फोनमध्ये. मी आठ महिने बाहेरच आहे. माझा डबा खायचा चमचा आत राहिलाय."

मिस्त्रीनं फोनवर फाटकाचं चित्र दाबलं. फोननं अंगठा मागितला. तीन ठिपके काळे झाले होते.

"आणि आत जाऊन करणार काय?" जमादारानं विचारलं. "झडपांची चाकं काढून नेली ना त्यांनी. नुसते दांडे आहेत."

"पाना लावून फिरवीन."

"मग भिंतीवरून जा. मागच्या अंगाला कमी आहे. मी पाठ फिरवतो. पहारा मला फाटकाचाच आहे."

मिस्त्रीचं वय एकोणसाठ. जमादाराच्या स्टुलावर चढून, जमादाराच्या खांद्यावर पाय देऊन, तो एकदाचा भिंतीवर बसला. एक पाय आत, एक बाहेर, आणि विजार मधोमध एका खिळ्यात. खाली आत उतरायला काही नव्हतं, आणि बाहेरचा खांदा पाठ फिरवून दूर जाऊन उभा राहिला होता. तशा अवस्थेत त्यानं वर पाहिलं. धुराड्यातून धुराची एक बारीक रेघ येत होती. सत्तावीस वर्षांत त्यानं तो धूर असा पाहिला नव्हता. तो थंडीत, उन्हात, आईच्या प्रेतामागून चालताना, पोरीला सासरी पाठवून परत येताना, कुठूनही मान वर करायचा आणि धूर जाडजूड असायचा.

एवढ्यात खांबावरच्या कॅमेऱ्यानं मान वळवली. भोंगा वाजला. अंगणात कुणीही नसताना एक भारदस्त आवाज म्हणाला, "आवारात अनोळखी व्यक्ती."

मिस्त्रीच्या खिशात फोन थरथरला. त्यानं तो काढला. पडद्यावर भिंतीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो होता. केस विस्कटलेले, तोंड उघडं, विजार फाटलेली. खाली विचारलं होतं: 'या व्यक्तीला आपण ओळखता का? होय, नाही. उत्तरासाठी अंगठा ठेवा.'

मिस्त्रीनं फोटोकडे पाहिलं. फोटोतल्या माणसाची त्याला दया आली.

"काय म्हणतोय फोन?" खालून जमादारानं विचारलं.

"ओळखतो का विचारतोय."

"मग सांगा की ओळखतो म्हणून."

"माझं ऐकत नाही तो," मिस्त्री म्हणाला, आणि खिळ्यावर विजारीचा बराचसा भाग ठेवून बाहेरच्या अंगाला खाली घसरला. पाच ठिपके काळे झाले होते.

*

मेहुणीनं दार उघडलं ते साखळीपुरतं. फटीतून तिचा एक डोळा आणि अर्धं कपाळ दिसलं. ती बायकोची थोरली बहीण. तिनं मिस्त्रीला पहिल्यापासून कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

"ती नाहीये," डोळा म्हणाला.

"तिच्या चपला दिसतायत."

"चपला आहेत. ती नाहीये."

"ताई, भट्टी विझतेय."

"विझू दे. तिला यातलं कुठं काही कळतं?"

आतून साडूंचा आवाज आला. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते पेपरामागेच राहत. "अगं, घे त्यांना आत. विजार फाटलीय त्यांची. शेजारी काय म्हणतील?"

या मुद्द्यावर साखळी निघाली.

बायको मागच्या खोलीत खिडकीचे गज रंगवत होती. साडूंनी चार महिन्यांपूर्वी आणून ठेवलेला हिरवा रंग तिनं आल्या आल्या उघडला होता. राग आला की ती काहीतरी घासायची किंवा रंगवायची. मिस्त्रीच्या घरात त्यामुळे सगळं लखलखीत असायचं. तिनं वळून पाहिलं नाही.

"किती राहिले?" तिनं विचारलं.

"चार. साडेतीन झालेत."

"आठ गेले तोवर फिरत होतात कुठं?"

ती आता वळली. त्याच्या विजारीकडे पाहिलं, तळव्यांवरच्या भिंतीच्या चुन्याकडे पाहिलं, आणि तिला उत्तर मिळालं.

"म्हणजे आधी तिच्याकडे, भट्टीकडे गेलात."

"चूक झाली."

"कोणती? तिकडं गेलात ती, की सकाळची?"

"दोन्ही," मिस्त्री म्हणाला. "दे ना अंगठा. मग हवं ते बोल."

"एक सांगा आधी. दुपारी दोन ते चार तुम्ही काय करता?"

"भट्टी बघतो."

पेपरामागून साडू खोकले.

"झोपता," बायको म्हणाली. "आठ महिने रोज दुपारी घोरता. फोन तुमच्या पोटावर असतो. कधी अंगठ्यापुरतं विचारतो, कधी म्हणतो पाच नंबर तापला, कधी म्हणतो गाडी अडली. कोण बघतं ते?"

मिस्त्रीचं तोंड भिंतीवरच्या फोटोसारखं उघडं राहिलं.

"तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. सत्तावीस वर्षं झोपेत दुसरं बोललात काय? पाचाला हवा कमी कर, सात मागे घे, छत जप. बायकोशी जागेपणी बोलला असतात तर मला भट्टी आली नसती." तिनं कुंचला डब्यात बुडवला. "आणा इकडं."

तिनं अंगठा ठेवला. फोन म्हणाला, ओळख पटली नाही.

बायकोनं आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. तो हिरवागार होता. पण तिचा चेहरा असा पडला की जणू तिलाही कुणी भिंतीवर बसवून फोटो काढला होता. "मलाही नाही म्हणतो," ती हळूच म्हणाली.

"रॉकेल," साडू म्हणाले आणि पहिल्यांदाच पेपर खाली ठेवून उठले.

रॉकेल नव्हतं. रंग पातळ करायचं तेल होतं, पण त्याचं झाकण रंगानं घट्ट बसलं होतं. साडूंनी ते दारात धरून चेपलं, मेहुणीनं सांडशी आणली, नववा ठिपका काळा झाला, आणि झाकण एकदम निघून निम्मं तेल मिस्त्रीच्या उरल्यासुरल्या विजारीवर सांडलं. उरलेल्या निम्म्यात बायकोनं अंगठा चोळला. भाजल्यासारखा लाल झाला तो. तिनं त्यावर फुंकर घातली, आणि सरळ न ठेवता जरासा कडेवर ठेवला, रोज ठेवायची तसा.

'स्वागत आहे, मिस्त्री,' फोन म्हणाला.

"सगळे एकदम पेटव," मिस्त्री म्हणाला.

"छत तडकेल." ती खुर्चीवर बसली, फोन मांडीवर घेतला. "मधून सुरुवात करायची, कडेला जायचं. गाड्या थांबवायच्या आधी. धरा हा, हात तेलकट आहेत माझे. हलवू नका."

मिस्त्रीनं दोन्ही हातांनी फोन धरला. ती सावकाश बोट टेकवत गेली. एक ठिपका लाल झाला. ती थांबायची, आकड्यांकडे बघायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायची, मग दुसरा. तो दोनदा "आता सात" असं म्हणाला आणि दोन्हीदा चुकला. तिनं फक्त मान हलवली. पाच वाजता बारा ठिपके लाल होते. साडूंनी पेपर उचलला. मेहुणीनं मिस्त्रीला साडूंची एक जुनी विजार आणून दिली, ती त्याला घोट्याच्या बरीच वर येत होती.

निघताना फोन पुन्हा थरथरला. भिंतीवरच्या माणसाचा फोटो उत्तरासाठी अजून ताटकळत होता. 'या व्यक्तीला आपण ओळखता का?'

बायकोनं तो फोटो बराच वेळ पाहिला. केस, तोंड, खिळा. मग तिनं अंगठा टेकवला.

"काय दाबलंस?" मिस्त्रीनं विचारलं.

"बस आली," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मॅनेजर आले. या वेळी बरोबर फोटोग्राफर नव्हता, फोटो होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला. शेजारी आदल्या दिवशीचा समाधानी फोटो ठेवला. कधी याकडे, कधी त्याकडे पाहत राहिले.

"मिस्त्री, हे तुम्ही ना?"

"हो साहेब."

"आणि हेही तुम्हीच."

"हो साहेब."

"मग मला एक समजत नाही. भिंतीवर चढलेल्या या माणसाला आमचे मिस्त्री ओळखत नाहीत. तसं त्यांनी अंगठा ठेवून सांगितलंय. पाच वाजून बावन्न मिनिटांनी." मॅनेजरनी कपाळ चोळलं. "एक तर तुम्ही भिंतीवरचे, नाहीतर तुम्ही मिस्त्री. दोन्ही होता येत नाही."

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीकडे पाहत होती.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मिस्त्रीनं आपली दहाही बोटं टेबलावर पसरली आणि सगळं सांगितलं. इंजिनिअरची गाडी, भाजी, अंगठा, दुपारची झोप. सांगताना त्याला दिसत होतं की आपली सत्तावीस वर्षं या टेबलावरून पुसली जाताहेत, बोटांवरच्या रेघांसारखी. मॅनेजरनी एकेक बोट उजेडात धरून पाहिलं. मग ते जिन्यात जाऊन वरच्या ऑफिसशी बोलले. बोलणं बरंच चाललं.

ते परत आले आणि त्यांनी बॅगेतून एक छापील कागद काढला.

"वरच्यांचं म्हणणं असं," ते म्हणाले, "मिस्त्री बदलायचं काही कारण नाही. आठ महिन्यांची नोंद फार चांगली आहे. विशेषतः दुपारी दोन ते चार. एवढी स्थिर भट्टी त्यांनी कुठंच पाहिली नाही. कालचं तर ते शिकवायला वापरणार आहेत."

मिस्त्रीनं पसरलेली बोटं टेबलावरून उचलली. "म्हणजे मी राहतो."

"मिस्त्री राहतात," मॅनेजर म्हणाले, आणि कागद त्याच्यावरून पलीकडे, बायकोपुढे सरकवला. "वहिनी, ही तुमची रीतसर नेमणूक. इथं सही, आणि इथं अंगठा. फोटो पुन्हा काढावा लागेल. भिंतीवर आता तुमचा लागेल." त्यांनी मिस्त्रीकडे न बघता पुढे सांगितलं, "यांना फाटकाच्या आत येता येणार नाही. सिस्टीममध्ये अनोळखी म्हणून कायमची नोंद झालीय. ती मलाही काढता येत नाही."

बायकोनं हात पुसले. कागद सावकाश, ओळ न् ओळ वाचला. मिस्त्री आपल्या बोटांकडे पाहत बसला. खिडकीतून कारखान्याच्या बाजूचं आभाळ दिसत होतं. तिकडे धूर पुन्हा चांगला जाड उठत होता. त्याला कुणाची गरज असल्याचं दिसत नव्हतं.

"एक शेवटचा रकाना राहिला," मॅनेजर पेन उघडत म्हणाले. "काम घरातून आहे म्हणून विचारतात. घरात आणखी कोण असतं, आणि त्यांचा कामाशी काही संबंध आहे का?"

बायकोनं मिस्त्रीकडे पाहिलं. अजून साडूंच्याच आखूड विजारीत तो खुर्चीच्या कडेला बसला होता, फोन दोन्ही हातांत धरून, कालच्यासारखाच, न हलवता.

"हे असतात," ती म्हणाली. "यांना यातलं काही कळत नाही. पण घरी असतात, तेवढीच सोबत होते."

मॅनेजरनी तसं लिहून घेतलं. साडेदहा झाले. फोननं विचारलं, 'आपण आहात का?' आणि मिस्त्रीनं तो तिच्यापुढे धरला.